शेवटची सहा केंद्रं : कूलर प्रकल्पाच्या नोंदी

९ जून २०२५, सोमवार

सकाळी सातलाच मॅनेजर काकांचा फोन. "पोरी, तुझ्या त्या फळ्यावर जांबोटी लाईन अजून लालच हाय की. आठवडा झाला."

फळा म्हणजे बेळगावात टिळकवाडीच्या ऑफिसात लावलेला जुना टीव्ही. ४६ दूध संकलन केंद्रांवरच्या बल्क कूलरचं तापमान त्यावर दिसतं. केंद्राचं उत्तर आलं तर चौकट हिरवी, नाही आलं तर लाल. रूट ७ ची सहाही केंद्रं (जांबोटी, कणकुंबी, पारवाड, ओलमणी आणि आसपासची दोन) ३ जूनपासून लाल आहेत. रूट ६, म्हणजे नंदगड-हलशीकडची काही, मधूनच लाल होतात आणि परत हिरवी होतात.

काकांनी निदानही सांगून टाकलं : पाऊस लागला की त्या बाजूची रेंज जाते, जंगलात टॉवरच किती आहेत, त्यात फोन गोव्याचा टॉवर धरतो. मलाही ते पटलं. या प्रकरणात पहिल्या दिवशी सगळ्यांना पटलेली गोष्ट ही एवढीच.

मांडणी इथे लिहून ठेवते, सहा महिन्यांनी मलाच लागते. प्रत्येक केंद्रावर एक छोटा बॉक्स आहे : कूलरमध्ये सेन्सर, फोर-जी डोंगल, वर एक चिमुकला वेब सर्व्हर. मोबाइल नेटवर्कवर बाहेरून आत शिरता येत नाही, म्हणून सगळे बॉक्स वायरगार्डच्या व्हीपीएनमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या आपल्या खासगी जाळ्यात आहेत. ऑफिसात एक रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक) आहे. त्यावरचा पायथन प्रोग्राम दर १५ मिनिटांनी ४६ जणांना एकदम "तापमान सांग" अशी हाक मारतो. एकेकाला विचारत बसलं तर एक मेलेलं केंद्र बाकीच्यांना ताटकळत ठेवतं, म्हणून असिंकआयओ (पायथनमध्ये एकाच वेळी अनेक कामांची वाट पाहायची सोय) आणि एआयओ-एचटीटीपी (त्यावर चालणारी, वेब-विनंत्या पाठवणारी लायब्ररी). प्रत्येक हाकेला एकूण ३० सेकंदांचा टाइमआउट, म्हणजे तेवढ्यात उत्तर आलं नाही तर नाद सोडायचा. आलेली उत्तरं एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये जातात. ते लिहिणं थांबवून ठेवणारं काम असल्यामुळे वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या धाग्यावर) ढकललेलं आहे. तापमान ६ अंशांच्या वर गेलं की सुपरवायझरला एसएमएस. दूध ४ अंशांवर राहायला हवं. त्याच्या वर फार वेळ राहिलं तर सकाळी टँकरवाला वास घेऊन परत पाठवतो, आणि मग गावात कुणाला तोंड दाखवायचं हा केंद्र चालवणाऱ्याचा प्रश्न.

आजचं काम : लॉग उघडला. रूट ७ च्या प्रत्येक ओळीत "चूक :" आणि पुढे कोरं. काहीच नाही. अर्धा तास हेच कळेना. मग उजेड पडला. पायथनमधल्या टाइमआउटच्या चुकीला स्वतःचा मजकूरच नसतो. मी चूक सरळ अक्षरांत छापत होते आणि ती रिकामी अक्षरं छापत होती. आता चुकीचा प्रकार, केंद्र आणि सुरुवातीपासून किती सेकंद गेले असं तिन्ही छापते. दीड वर्ष हा प्रोग्राम चालतोय आणि त्याची तक्रारवही कोरी होती, हे काकांना सांगितलेलं नाही.

१० जून, मंगळवार

नव्या लॉगमध्ये सहाही ओळींवर टाइमआउट, ३०.० सेकंद. दिवसाला ९६ फेऱ्या होतात. रूट ७ च्या सहाही केंद्रांचा निकाल शून्य. घरून, वडगावातून, लॅपटॉपवर व्हीपीएन लावून कणकुंबीचा पत्ता उघडला. दोन सेकंदांत उत्तर : ४.१ अंश, कॉम्प्रेसर चालू.

लिहिलं : "त्या वेळी टॉवर आला असावा." तीन वेळा उघडलं, तिन्ही वेळा आलं. तरी तेच लिहिलं. वटपौर्णिमेमुळे आईचा उपास, स्वयंपाक माझ्याकडे; त्या गडबडीचा दोष म्हणावा तर तसंही नाही. रेंज वाईट असेल तर ९६ पैकी दहावीस तरी लागतील. शंभर टक्के अपयश हवेत नसतं, कुठल्यातरी ओळीत असतं. हे आज सुचायला हवं होतं.

१२ जून, गुरुवार

दुधाच्या टेम्पोतून कणकुंबी. पिरनवाडी, किणये, जांबोटी. कारहुणवी, बैलांचा सण, नुकतीच होऊन गेलेली. किणयेच्या पुढे एका बैलाच्या शिंगांना रंग तसाच होता, पाठीवरची झूल मात्र पावसात भिजून खाली आलेली. जांबोटीत पेढे घेतले (ऑफिससाठी, लिहून ठेवते कारण पोचले अर्धेच).

कणकुंबी म्हटलं की पेपरात म्हादईचं पाणी नाहीतर मलप्रभेचा उगम. मला तिथे रेंज मोजायची होती. माझ्या फोनवर दोन दांड्या. केंद्राच्या दारात उभं राहिलं की इकडचा टॉवर, कूलरच्या खोलीत शिरलं की गोव्याचा. म्हणजे काकांचं म्हणणं खरं. पण इंटरनेट दोन्हीकडे चालत होतं, आणि वायरगार्डला बाहेरचा पत्ता बदलल्याचं काही वाटत नाही. आतला पत्ता तोच राहतो, पुढचं पाकीट (डेटाचा तुकडा) नव्या वाटेनं येतं. टॉवर बदलल्यानं एखादी फेरी चुकेल, आठवडा चुकणार नाही.

केंद्रावरच्या पोरानं विचारलं, "ताई, बॉक्स बिघडलाय व्हय? आम्ही हात बी लावला नाही."

हात लावला नव्हताच. बॉक्स ठणठणीत. लॅपटॉप जोडून बॉक्सचा स्वतःचा लॉग पाहिला, आणि आजची खरी नोंद ही :

ऑफिसच्या पायकडून शेवटची हाक आलेली : ३ जून, सकाळी १०.४५. त्यानंतर एकही नाही. १० तारखेच्या माझ्या तीन हाका मात्र ओळीनं उभ्या.

उत्तर हरवत नव्हतं. विचारणाच पोचत नव्हती.

परतताना पारवाडला थांबलो. तिथे बॉक्सवर वायरगार्डची "जागं ठेव" ही सेटिंग राहून गेली होती. ती नसली तर बॉक्स गप्प बसला की मधल्या नेटवर्कातली वाट थोड्या वेळानं बुजते, आणि बॉक्स स्वतः काही बोलेपर्यंत बाहेरून कुणाला आत जाता येत नाही. २५ सेकंदांची सेटिंग घातली, लॅपटॉपवरून लगेच पोचायला लागलं. हा खरोखरचा बिघाड होता. त्यानं माझं नुकसानच केलं, कारण टेम्पोत बसल्या बसल्या मी ठरवून टाकलं की सहाही ठिकाणी व्हीपीएनचंच काहीतरी आहे.

१३ जून, शुक्रवार

ऑफिसात पायवर टीसीपीडम्प (जाणारी-येणारी पाकिटं दाखवणारा प्रोग्राम) लावून बसले, व्हीपीएनच्या तोंडावर. ११.१५ ची फेरी. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी : पाकिटं जाताना दिसली, येताना दिसली. जांबोटीसाठी? काहीच नाही. जोडणी मागणारं पहिलं पाकीटसुद्धा निघालं नाही. ३० सेकंद झाले आणि लॉगमध्ये टाइमआउट.

पोस्टमनला शिव्या घालत होतो आणि पत्र पेटीत पडलंच नव्हतं.

काकांना फोन केला : "काका, टॉवर नाही. दोष आपल्या ऑफिसात आहे." ते म्हणाले, "आपल्या म्हणजे तुझ्या की." बरोबर.

१६ जून, सोमवार

विचार केला : प्रोग्राममध्ये कुणीतरी पूर्ण लूप अडवून धरतंय. असिंकआयओमध्ये एकच माणूस सगळ्या चुलींवर लक्ष ठेवतो; तो एका पातेल्यात डाव घालून उभा राहिला तर बाकीचं दूध उतू जातं. डीबग मोड चालू केला. त्यात लूप ०.१ सेकंदापेक्षा जास्त वेळ अडला की तक्रार छापली जाते.

दुपारी सापडलं! एसएमएस पाठवायचं फंक्शन ४.२ सेकंद लूप अडवत होतं. ते मी फार पूर्वी साध्या, उत्तर येईपर्यंत थांबून राहणाऱ्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत लिहिलं होतं. असिंक फंक्शनच्या आत बसवलं म्हणून ते असिंक होत नाही. वर त्या लायब्ररीला टाइमआउट आपण दिला नाही तर ती देत नाही, म्हणजे एसएमएस पुढे पाठवणारा गेटवे गप्प राहिला असता तर सगळा प्रोग्राम कायमचा गप्प. देवानं राखलं.

ते एआयओ-एचटीटीपीवर नेलं, पार्श्वभूमीला वेगळा टास्क करून सोडलं. काकांना मेसेज : "सापडलं. झालं." त्यांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं.

संध्याकाळी ६.१५ ची फेरी : रूट ७ लाल.

चूक खरी होती, दुरुस्ती खरी होती, आणि या बिघाडाशी तिचा काडीचा संबंध नव्हता. एसएमएस दिवसातून एखादा जातो. लाल चौकटी प्रत्येक फेरीला. एवढा हिशेब "झालं" म्हणण्याआधी करायला काय झालं होतं?

१८ जून, बुधवार

मध्ये एक दिवस जोडण्यांच्या मर्यादेत घालवला. एआयओ-एचटीटीपी एका वेळी १०० जोडण्या उघडू देतं, आपल्या ४६. तिथे काही नाही.

आज कंटाळून केंद्रांची यादी उलटी केली. बाकी एक अक्षर बदललं नाही. ९.३० ची फेरी : कणकुंबी हिरवी, जांबोटी हिरवी, पारवाड हिरवी. आणि निपाणी रूटची सहा केंद्रं लाल.

दोन मिनिटांत काकांचा फोन. "अगं निपाणीला काय झालं? तिथं टॉवर तर गल्लीगल्लीत हाय."

"काही झालं नाही काका, मीच केलं."

"काय कराय लागलायस ते एकदा सांगून कर की."

म्हणजे गावाशी संबंध नाही, क्रमांकाशी आहे. यादीत शेवटचे सहा कोण आहेत, एवढंच. जांबोटी लाईन शेवटी होती कारण मी पहिल्या दिवशी रूट नंबर लावले तेव्हा ७ तिला मिळाला. ती पश्चिमेला, जंगलात, पावसात, गोव्याच्या सीमेवर असणं हा योगायोग, आणि त्या योगायोगावर आम्ही दहा दिवस काढले.

मग यादी कापून पाहिली :
४० केंद्रं : एक-दोन सोडता हिरवी.
४१ : शेवटचं लाल.
४२ : शेवटची दोन लाल.

भिंत ४० वर आहे. का ४०? माझ्या कोडमध्ये ४० हा आकडा कुठेच नाही. सगळ्या फायलींत शोधून पाहिला.

१९ जून, गुरुवार

आजचा दिवस सविस्तर लिहिते.

सकाळी डेटाबेसमधल्या नोंदींच्या वेळा काढल्या. लिहितानाच वेळ टाकली जाते. समजा फेरी १०.००.०० ला सुरू झाली. निपाणीचं केंद्र एक-दीड सेकंदात उत्तर देतं, तेव्हा पहिली नोंद १०.००.०२ च्या आसपास हवी. होती १०.००.२५ ला. दुसरी फेरी : २५. तिसरी : २५. गेल्या दोन आठवड्यांच्या सगळ्या फेऱ्या पाहिल्या. पहिली नोंद पंचविसाव्या सेकंदाला, आणि मग एकदम धबधबा.

१ जूनच्या फेऱ्यांमध्ये : पहिली नोंद ०१ ला, कधी ०२ ला.

चहा घेऊन पाटीवर आकडे मांडले. (ऑफिसात खरंच पाटी आहे, दुधाचे दर लिहायची.) भिंत ४०. उशीर २५. मर्यादा ३०. २५ मध्ये पाच पंचे, ४० मध्ये पाच अठ्ठे. म्हणजे आठ-आठच्या तुकड्या, प्रत्येक तुकडीला ५ सेकंद. पाच तुकड्या २५ सेकंदांत, ४० केंद्रं. उरलेली सहा सहाव्या तुकडीत, त्यांची पाळी संपते तिसाव्या सेकंदाला, आणि तिथे टाइमआउट कोयता घेऊन उभा. रूट ६ ची केंद्रं पाचव्या तुकडीत, त्यांच्या हातात फक्त ५ सेकंद उरतात, म्हणून ती कधी वाचतात कधी नाही. सगळं बसलं.

पण आठ कोण?

असिंकआयओला थांबवून ठेवणारी कामं ज्या थ्रेडच्या गठ्ठ्यावर टाकायची असतात, त्याचा आकार आपण सांगितला नाही तर प्रोसेसरच्या कोअरची संख्या अधिक ४ असा धरला जातो, जास्तीत जास्त ३२. पायला कोअर ४. चार अधिक चार.

त्या आठ थ्रेडवर मी डेटाबेसचं लिहिणं टाकलंय हे मला माहीत होतं. त्याच आठांवर एआयओ-एचटीटीपी आणखी एक काम टाकतं हे मात्र डोक्यात नव्हतं : नावावरून पत्ता शोधणं. केंद्रांना मी आकडी पत्त्यानं हाक मारत नाही. आपल्या डोमेनखाली प्रत्येकाला नाव दिलंय. ते नाव सोडवायचं काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या ज्या फंक्शनला सांगितलं जातं ते थांबून राहणारं आहे, म्हणून ते गुपचूप थ्रेडवर जातं. वरून सगळं असिंक, तळाशी आठ जणांची रांग.

एआयओ-एचटीटीपीमध्ये विनंतीच्या प्रत्येक टप्प्यावर आपला कान लावता येतो. नाव शोधायला सुरुवात आणि शेवट, एवढ्या दोनच ठिकाणी लावला. छापून आलं :

केंद्र १ ते ८ : ५.०१ सेकंद
९ ते १६ : १०.०२
१७ ते २४ : १५.०३
२५ ते ३२ : २०.०४
३३ ते ४० : २५.०५
४१ ते ४६ : शेवट नाही.

हा कागद छापून पाटीवर चिकटवला. काकांनी पाहिला, म्हणाले, "हे तर टँकरसारखं झालं. आठ नळ, आणि प्रत्येक नळ पाच मिनिटं." त्यांच्याएवढं नेटकं मला सांगता आलं नसतं.

डेटाबेसचा उशीरही यातच सुटला. लिहिण्याची कामं त्याच रांगेत, शोधाच्या ४६ कामांच्या मागे उभी. पंचविसाव्या सेकंदाला सहा थ्रेड शेवटच्या सहा नावांना लागले, दोन रिकामे झाले, त्यांनी लिहायला घेतलं. म्हणून धबधबा.

उरलं एवढंच : एक नाव शोधायला बरोब्बर ५ सेकंद का? लॅपटॉपवर तर डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. पायवर हातानं एक नाव शोधून पाहिलं. पाच सेकंद. मी आजवर सगळ्या तपासण्या लॅपटॉपवरून करत आले. बिघाड पायवर, तपासणी लॅपटॉपवर.

रात्री साडेनऊ. उरलेलं उद्या. दुसऱ्या रेल्वे गेटला गाडी लागलेली, अर्धा तास तिथेच.

२० जून, शुक्रवार

पायवरची रिझॉल्व्ह.कॉन्फ फाइल उघडली. तीत नाव सोडवणाऱ्या सर्व्हरच्या दोन ओळी :

पहिली : १९२.१६८.१.१
दुसरी : ८.८.८.८

आपल्या ऑफिसातला राउटर १९२.१६८.०.१ आहे. ते शेवटून दुसरं ० आहे, १ नाही.

२ जूनच्या संध्याकाळी गडगडाट झाला होता, वीज कुठेतरी जवळ पडली आणि जुना राउटर कुरकुरायला लागला. ३ तारखेला पावणेअकरानंतर दुकानातला माणूस नवा बसवून गेला. नव्याचा पत्ता वेगळा. पायनं नव्या राउटरकडून स्वतःचा पत्ता घेतला, पण नाव कुणाला विचारायचं ती फाइल जुनीच राहिली. मग प्रत्येक शोधात आधी मेलेल्या राउटरला विचारणं, ५ सेकंद वाट पाहणं (लिनक्समध्ये एका सर्व्हरची वाट पाहायची ठरलेली मुदत तेवढीच), आणि मग दुसऱ्या ओळीकडे जाणं. तिथे लगेच उत्तर. दरवेळी नव्यानं, पहिला मेलाय हे ते लक्षात ठेवत नाही. जुना पत्ता आता आपल्या नेटवर्कात नाही, त्यामुळे पाकीट नव्या राउटरमार्गे बाहेर जाऊन कुठेतरी विरतं. "इथे कुणी नाही" असं सांगायलाही कुणी नाही. तसं सांगितलं असतं तर पाच सेकंद गेले नसते.

फाइल आपोआप का बदलली नाही? कारण कुणीतरी तिला कुलूप लावलेलं, मशीनवर सगळे अधिकार असलेल्या 'रूट' युजरलासुद्धा बदलता येऊ नये असं. कुलपाच्या वर एक टिपण : "हात लावू नये." अक्षर, म्हणजे शैली, माझी. दोन वर्षांपूर्वी ही फाइल सारखी बदलते म्हणून वैतागून मीच लावलं होतं.

यंदा मान्सून लवकर आला, केरळात २४ मेलाच. इकडेही मे संपता संपता पाऊस होताच. पावसानं लाल व्हायचं असतं तर फळा मे महिन्यातच लाल झाला असता. ३ जूनच का, हा प्रश्न ९ तारखेच्या पहिल्याच नोंदीत होता.

कुलूप काढलं. ओळ बदलली. १२.०० ची फेरी : पहिली नोंद ०१ ला, शेवटची ०७ ला. ४६ हिरव्या.

काकांना "झालं" असं पाठवलं नाही. "बघा" एवढंच पाठवलं.

२३ जून, सोमवार

शनिवार-रविवार हिरवे गेले. पण उद्या पहिल्या ओळीतला सर्व्हर परत गप्प झाला तर आठ नळांची रांग परत लागेल, म्हणून :

नाव शोधणं थ्रेडवरून काढलं. एआयओडीएनएस बसवलं, ते थांबवून न ठेवता शोधतं. डेटाबेसला वेगळा, एकाच थ्रेडचा गठ्ठा. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच लिहितो, आठ जणांनी दारात गर्दी करून उपयोग नाही. एका वेळी १२ च हाका, बाकीचे बाहेर थांबतील, आणि घड्याळ आत शिरल्यावरच सुरू होईल. रांगेत उभं राहिल्याची शिक्षा केंद्राला नको.

लॉगमध्ये आता प्रत्येक केंद्रासमोर तीन आकडे : नाव, जोडणी, उत्तर. टाइमआउट कुठल्या टप्प्यावर झाला ते त्यावरून कळतं. हे पहिल्या दिवशी असतं तर कणकुंबीची फेरी वाचली असती. पेढेही.

शिवाय अपयश आल्यास तीनदा परत प्रयत्न करणारं एक सामाईक फंक्शन लिहिलं, सगळ्या विनंत्यांना लावलं.

२६ जून, गुरुवार

"सगळ्या विनंत्यांना" हे चुकलं.

रात्री २.४५ ला संकेश्वरकडच्या एका केंद्राचं तापमान ६.३. सुपरवायझर अण्णांना एसएमएस जायला हवा, गेला. चार वेळा गेला. अण्णांनी सकाळी फोनवर जे सांगितलं त्यातलं लिहिण्यासारखं एवढंच : "एकदा सांगितलं तर कळत नाही काय मला?"

एसएमएसचा गेटवे रात्री मंद होता. विनंती पोचली, एसएमएस निघाला, पण पोच १० सेकंदांत आली नाही. प्रोग्रामनं टाइमआउट धरला आणि परत पाठवला. टाइमआउटचा अर्थ काम झालं नाही असा नसतो, उत्तर आलं नाही एवढाच असतो. तापमान चारदा विचारलं तर काही बिघडत नाही. निरोप चारदा सांगितला की अण्णा बिघडतात.

आता : निरोप पाठवण्याआधी डेटाबेसमध्ये केंद्र आणि प्रसंग यांचा एक क्रमांक टाकते. जोडणीच झाली नसेल तरच परत प्रयत्न. विनंती गेली आणि पोच आली नाही तर "संशयित" अशी खूण, सकाळी मी बघते. जाता जाता : खानापूरकडे निरोप मराठीत जातो, हुक्केरीकडे कन्नडमध्ये, आणि दोन्ही लिप्यांत एका एसएमएसला ७० च अक्षरं मिळतात. म्हणून मजकूर "केंद्र १९ तापमान ६.३" इतका कोरडा आहे. त्यात नम्रता बसत नाही, अण्णा.

याच निमित्तानं १६ तारखेचं कोड परत वाचलं. एसएमएसचा टास्क तयार करून मी तसाच सोडून दिला होता, कुठल्याही व्हेरिएबलमध्ये न धरता. असिंकआयओचा लूप टास्कला घट्ट धरून ठेवत नाही. दुसऱ्या कुणी धरलं नसेल तर काम अर्धवट असताना तो कचऱ्यात जाऊ शकतो. आता सगळे एका संचात ठेवते, संपले की काढते. आणि त्यांच्यात चूक झाली तर तीही छापते. पूर्वी ती कुणी विचारलीच नाही तर उशिरा कधीतरी पुटपुटल्यासारखी यायची.

३० जून, सोमवार

काही नाही. हुक्केरीकडचं एक केंद्र तासभर लाल. फोन केला तर "करंट इल्ल, मॅडम" (लाईट नाही). लॉगमध्येही जोडणीच्या टप्प्यावरच टाइमआउट. जुळलं.

५ जुलै, शनिवार

उद्या आषाढी, घरात साबुदाणा भिजतोय.

पहाटे ३.१५ ला पारवाड लाल. मी जागीच होते. लॉग : नाव ०.०४ सेकंद, जोडणी ८ सेकंद, टाइमआउट. पुढच्या फेरीलाही तेच. शेवटचं आलेलं तापमान ४.९, आणि वर चाललेलं.

साडेतीनला केंद्रावरच्या दादांना फोन लावला. लागला, पण आवाज तुटत होता.

"लाईट दोनला गेली ताई. जनरेटरला डिझेल नाही, आणायला निघालोय. रेंज बी जाऊन येऊन हाय."

"बॉक्सची बॅटरी संपली असणार. डिझेल घातलं की आपोआप सुरू होईल."

"होय. टॉवरचंच हाय हे सगळं, न्हवं?"

"आज हो," म्हणाले.

४.४५ : ५.६, कॉम्प्रेसर चालू.
५.०० : ५.२
५.१५ : ४.७
५.३० : ४.३